इस्त्रीला टिकणाऱ्या टिकल्या

त्या गाण्यात ठेक्यामागे जी छनछन वाजते, ती संगणकावर घडवली असं रेकॉर्ड कंपनीचा साहेब छाती फुगवून सांगत सुटला होता. धादांत खोटं. ती छनछन पत्र्याची आहे.

गाणाऱ्या पोरीची आई शाळेचे गणवेश शिवायची. वीस वर्षं. तिचा एकच कायदा: इस्त्रीखाली टिकत नाही ते अंगावर चढवायचं नाही. पोरीला पहिलंवहिलं गाणं मिळालं आणि तिने चमचमता झगा मागितला. आईने बाजारची टिकली इस्त्रीखाली धरली. ती आक्रसून चिकटली.

"हा असला माल माझ्या पोरीच्या अंगावर?"

मग तिने रिकाम्या डब्यांचा पत्रा कापला, कडा घासल्या आणि नऊशे टिकल्या टाचल्या. रेकॉर्डिंगला झगा कोणी बघत नाही, हे दोघींना कोणी सांगितलंच नव्हतं. शहाणे लोक सांगत नाहीत, नंतर हसतात.

तसेच हसले. "भांड्यांचं दुकान अंगावर घालून आलीस का गं?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

साहेबाने घड्याळ दाखवलं. "चारला दुसरी मुलगी येतेय. हेच गाणं तिच्याकडूनही गाऊन घेणार. जिचं जमेल तिचं."

आई मनात म्हणाली, पोरीच्या नशिबात आपणच माती कालवली! तिने आपला लांब कोट काढून पुढे केला. "झगा उतरव, हा घाल."

कोटात पोर गायली. एकदा, दोनदा, तीनदा. सूर बरोबर, पण जीव नाही. गुरुजींसमोर पाढे म्हणावेत तसं. खांदे लाकडासारखे ताठ.

खांद्यांकडे बघता बघता आईला उमजलं. महिनाभर पोरीने सराव केला तो स्टुलावर उभं राहून, अर्धवट शिवलेल्या झग्यात. आई टाचण्या लावायची, एखादी टोचली की पोर खांदा उडवायची. गाणं गळ्यात बसलंच नव्हतं, त्या खांद्यांत बसलं होतं.

"तिला झगा घालू द्या," आई म्हणाली.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मावशी कोणाची? आई आहे मी तिची. आणि बाहेर बसणार नाही."

रेकॉर्डिस्ट पुटपुटला, "साहेब, दहाच मिनिटं उरलीत. वाजू द्या काय वाजायचं ते."

वाजलं. प्रत्येक ठेक्याला खांदा उडाला, नऊशे टिकल्या एकदम छनछनल्या, आणि पोर अशी गायली की रेकॉर्डिस्टचा पाय आपोआप हलायला लागला. "ही छनछन काढायची नाही," तो म्हणाला. चारच्या मुलीला साहेबाने दारातूनच परत पाठवलं.

गाणं घराघरांत पोचलं. आणि मग तो साहेब संगणकाच्या थापा मारू लागला.

रंगमंचावरच्या पहिल्या कार्यक्रमाआधी तो नवा झगा घेऊन आईच्या शिवणाच्या दुकानात आला. हलका, झगमगीत, मुका. "मावशी, खांद्यात जरा घट्ट करून द्या."

आईने त्यावर गरम इस्त्री टेकवली. टिकल्या वाळल्या पानांसारख्या मुरडल्या.

"अहो, काय केलंत हे!"

"टिकत नाही हा." तिने खुंटीवरचा जुना झगा त्याच्या हातात ठेवला. "हा न्या. आणि छनछन कुठून आली असं कोणी विचारलं, तर तिच्या आईने टाचली म्हणून सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर पोर सांगेल, भर कार्यक्रमात. तिचा आवाज कुठवर पोचतो, तुम्हाला ठाऊकच आहे."