उभ्या रेघा

मनिलाच्या बाजारात फोटोंची कार्डं बनवणाऱ्या निल्दाने लुमेनताईच्या मेलेल्या नवऱ्याचे दोन फोटो, एक हसरा, एक शवपेटीतला, बारीक पट्ट्यांत एकाआड एक मिसळून छापले आणि वर बारीक उंचवट्यांच्या रेघांचं पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं. कार्ड वरखाली कललं की चेहरा बदलायला हवा होता. पण धांदरटपणाने तिने पट्ट्या आणि रेघा आडव्याऐवजी उभ्या ठेवल्या. आता डाव्या डोळ्याला हसरा दिसे, उजव्याला मेलेला; दोन्ही उघडे ठेवले, की प्रेतच हसे. लुमेनताईने ते पाहताच निल्दाने कार्ड झटकन मागे घेतलं.

“चुकलं हो ताई! फाडून टाकते, दुसरं देते.”

लुमेनताईने कार्ड हिसकावून छातीशी धरलं.

“नको गं. रोज त्याच्या नावाने भात वाढते ना, तेव्हा समोर येऊन बसतो, तो अगदी असाच.”