हुकांचा डबा

दादाने मला समुद्रसफरीचं तिकीट दिलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्या माणसाला मला साधं जेवायला बोलवायचं सुचत नाही, तो मला या एवढ्या मोठ्या जहाजावर नेतो आणि वहिनी त्याला हरकत घेत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. पण मीही काही संत नाही. शिलाई मशीन चालवून चालवून कंबर धरली होती. "आईकडे समोरच्या काकू बघतील, मी बोललोय त्यांच्याशी," असं दादा म्हणाला आणि मी बॅग भरली.

आईला आता जवळजवळ दिसत नाही, आणि ऐकवायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तरी मी शिवलेल्या ब्लाउजांना हुक लावायचं काम तिचंच. चाचपून लावते. निम्मे उलटे बसतात, काही भलतीकडेच. ती झोपली की मी ते उसवते आणि नव्याने लावते. हे तिला कधी कळू दिलं नाही. "माझ्यावाचून तुझं दुकान चालायचं नाही," असं ती म्हणते, आणि मी "नाहीच चालायचं" म्हणून तिच्या कानात ओरडते.

निघताना मी तिचा हुकांचा पत्र्याचा डबा सुयांसकट माझ्या बॅगेत टाकला. मी नसताना बोटात सुई गेली तर काकू कुठे धावणार? सांगितलं असतं तर आईने हुज्जत घातली असती, म्हणून गुपचूप घेतला.

आज दिवसभर कुठलंच बंदर नव्हतं, नुसतं पाणी. सकाळ छान गेली, खोटं कशाला बोलू. उन्हं वर आली तरी मला कोणी उठवलं नाही. चहा दुसऱ्याने केलेला होता आणि कप दुसराच कोणी विसळणार होता. वरच्या डेकवर खुर्चीत पाय लांब करून मी तासभर समुद्राकडे बघत बसले. मला वाटलं, हे सगळं घरी गेल्यावर आईच्या कानात सांगायचं, सावकाश, अगदी खोलीतल्या पडद्याच्या शिवणीसकट.

मग काकूंना फोन करावासा वाटला. समुद्रात फोन लागतच नाही, असं दादाने निघतानाच बजावलं होतं. तरी खालच्या हॉलमधल्या काउंटरवर सहज विचारलं, तर तिथली मुलगी हसली. "लागतो की. इथलं इंटरनेट घ्यावं लागतं, एवढंच." तिने दोन मिनिटांत जोडून दिलं.

काकूंनी फोन उचलला. मी म्हटलं, आई कशी आहे?

"अगं, आई आता इथे कुठे आहे? तुम्ही निघालात आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीचा भाऊ गाडी घेऊन आला. वृद्धाश्रमात नेलं तिला. मला वाटलं, तुमचं घरात ठरलं असेल."

"आई गेली? अशी कशी गेली?"

"आधी नाहीच म्हणत होती. पलंग सोडेना. मग म्हणाली, माझा हुकांचा डबा तेवढा द्या. आम्ही सगळं घर शोधलं. तिने स्वतः फळी चाचपली, मशीनखाली हात घातला. डबा मिळाला नाही तशी म्हणाली, 'डबा तिनेच नेलाय. म्हणजे तिला ठाऊक आहे. चला.' आणि उठली बाई."

काउंटरवरच्या मुलीने खुर्ची पुढे केली, पण मला बसायचं नव्हतं, मला दादा हवा होता.

तो पोहण्याच्या तलावाशी टॉवेल गुंडाळून सरबत पीत होता. मी विचारल्यावर त्याने आधी पेला खाली ठेवला.

"हळू बोल, लोक बघतात. तिथे चोवीस तास नर्स असते. तुझ्यासाठीच केलं हे. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

"नसते म्हणाले."

"मग?" तो म्हणाला. आपलं म्हणणं सिद्ध झालं असं त्याला खरंच वाटत होतं.

"आणि घर?"

"रिकामं घर तसंच पडू देण्यात काय अर्थ आहे?"

"रिकामं कसं? मी राहते तिथे."

"तुझंही बघू काहीतरी."

कधी आईचं नख कापलं नाही याने. उंटावरून शेळ्या हाकल्या फक्त. आणि मी, शहाणी, केसाने गळा कापणाऱ्याचे आभार मानून जहाजावर चढले होते. तलावातल्या सगळ्या पाण्यात त्याला बुडवावं असं वाटलं. पण सर्वांत जास्त राग आला तो माझ्या त्या बॅगेत डबा टाकणाऱ्या हाताचा.

खोलीत येऊन बसले तोच वहिनी दार न ठोठावता आत आली. हातात जरीचा ब्लाउज.

"आज कप्तानाबरोबर जेवण आहे, आणि वरचा हुक निघालाय बघ. तुझ्याकडे असेलच सामान. लाव ना हातासरशी."

दादाने तिला काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही ती आली होती. तिच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे.

"लावते," मी म्हटलं. "आश्रमाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दे. तुझ्या भावाने पाठवला असेलच."

ती ब्लाउजकडे बघत जरा घुटमळली. मग तिने नंबर लावून दिला.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. मी म्हटलं, "आमच्या आईला सांगा, कानाशी जाऊन सांगा. मला यातलं काही माहीत नव्हतं. जहाज लागलं की मी तिला न्यायला येते. डबा मी सुया टोचू नयेत म्हणून आणलाय."

ती बाई फोन घेऊन आईपाशी गेली आणि तिच्या कानात एकेक वाक्य ओरडू लागली, ते मला इथे ऐकू येत होतं. मग आईचं पुटपुटणं, लांबून, न कळणारं.

"आजी हसतायत," बाई म्हणाली. "म्हणतायत, ती असंच म्हणणार, चांगली आहे पोर. तिला म्हणावं, डबा नेलास ते बरं केलंस. रोज रात्री माझे हुक उसवत बसायचीस, आता वेळेवर झोपत जा."