चार नंबरची जागा आणि तीन दुर्बिणी

आर्नफिनची गोळी उजवीकडे जात होती. थोडीथोडकी नाही, चांगली वीतभर. चांदमारीच्या मैदानावरचं कागदी रेनडियर डावीकडे तोंड करून उभं असतं, त्यामुळे उजवीकडे गेलेली गोळी छाती सोडून पोटात बसते. आणि पोटात गोळी म्हणजे नापास.

दरवर्षी मूस या भल्यामोठ्या हरणाची शिकार सुरू होण्याआधी शंभर मीटरवरून पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही छातीवरच्या वर्तुळात बसवायच्या, हा सरकारी नियम. तो आर्नफिनने तीस वर्षं बिनबोभाट पाळला होता. यंदा ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी तो नापास झाला. दुसऱ्या गुरुवारीही झाला.

नापास होण्याचं दुःख त्याने गिळलं असतं. प्रश्न जागेचा होता. शिकारीच्या टोळीत चार नंबरची जागा त्याची होती. दलदलीच्या कडेला, पडलेल्या बर्चच्या झाडाशेजारी. त्याच्याआधी ती त्याच्या वडिलांची होती. परीक्षा पास न झालेल्याने त्या वर्षी जागा सोडायची, असा टोळीचा दंडक होता. एका वर्षासाठी सोडलेली जागा परत मिळाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. तिच्यावर बारा वर्षं डोळा ठेवून बसलेला केटिल हल्ली फार सहानुभूतीने बोलायला लागला होता.

"रायफलवरची दुर्बीण गेली तुझी," केटिल म्हणाला. "स्वस्तातली घेतली की असंच होतं. आणि घाई कसली? एक वर्ष कॉफी उकळ. कोणीतरी उकळायला हवीच ना."

आर्नफिन नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा अभियंता. मोजमापावर विश्वास ठेवणारा माणूस. त्याने आठवडाभर माहिती वाचली, तक्ते केले आणि नवी दुर्बीण घेतली. बसवायला आणि पारखायला एक आठवडा गेला. मंगळवारी सरावाच्या दिवशी त्याने नेम बसवला. पाच गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या. घरी आला, कायद्याप्रमाणे रायफल पोलादी कपाटात ठेवली, दाराला गुडघा लावला आणि कुलूप घातलं. गुरुवारी परीक्षेला गेला. परीक्षेच्या दिवशी रांग मोठी, सरावाची गोळी कोणालाच मिळत नाही. पाचही गोळ्या पोटात.

"नवीन आहे ना?" वॅफलवर तपकिरी चीजचा काप ठेवत केटिल म्हणाला. "मग तूच जुना झालास."

टोळीचा म्होरक्या गुडब्रांड, वय एक्काहत्तर, बोलायला आणि चालायला सारखाच वेळ घेणारा. त्याने कागद उन्हाकडे धरून बघितला. "गंमत आहे," तो म्हणाला. "बिघडलेली दुर्बीण गोळ्या वाटेल तिकडे उधळते. तुझी शिस्तीत चुकते. दरवेळी तेवढीच, त्याच बाजूला."

"म्हणजे काय?"

"ते तू शोध. शिकलेला तू आहेस."

आर्नफिनने शोधलं नाही, तिसरी दुर्बीण घेतली. ही सगळ्यांत मोठी. पुढची काच सूपच्या वाडग्याएवढी. संधिप्रकाशात मूसच्या पापण्या मोजता येतात, असं दुकानदार म्हणाला. मूसच्या पापण्या मोजायची आर्नफिनला कधीच गरज पडली नव्हती, पण त्या क्षणी ती उणीव वाटली.

"हे मॉडेल आजवर कोणी परत आणलेलं नाही," दुकानदार म्हणाला.

"माझी मागची दोन्हीही कोणी परत आणली नव्हती," आर्नफिन म्हणाला.

मंगळवारी नेम बसला, गुरुवारी गोळी उजवीकडे. या वेळी वीत आणि वर दोन बोटं. अंगण वाकडं असल्याचं त्याने तिसऱ्यांदा जाहीर केलं. या वेळी कोणी मानही हलवली नाही. शिकारीच्या एका मासिकाच्या संपादकांना त्याने 'भरवशाची दुर्बीण: एक फसवणूक' असं चार पानी पत्र लिहिलं आणि पोस्टातही टाकलं.

आता शेवटचा आठवडा उरला. मंगळवारी त्याने दात-ओठ खात पुन्हा नेम बसवला, घरी आला, रायफल कपाटात ठेवली. दार लागेना. त्याने गुडघा लावला.

"अरे, हळू! माझी पेटी चेपेल!" मागून त्याची बायको ओड्लाउग ओरडली.

"कसली पेटी?"

"आईची चांदी. सतरा मेच्या राष्ट्रीय सणानंतर तुझ्यासमोरच ठेवली की मी. पोशाखाच्या पिना, बकलं, सगळं आहे तिच्यात. रोज असा गुडघा मारतोस त्या दाराला?"

"लागत नाही म्हणून मारतो."

"का लागत नाही ते नाही बघावंसं वाटलं?"

आर्नफिनने दार उघडलं. कपाटात त्याच्या वडिलांची जोडनळी बंदूक होती, मेव्हण्याने नेईन नेईन म्हणत न नेलेल्या सासऱ्यांच्या तीन रायफली होत्या, आणि या सगळ्यांच्या मागे सासूबाईंच्या चांदीची पेटी. तिने सगळ्यांना चार बोटं पुढे ढकललं होतं. आणि दाराच्या आतल्या बाजूला, राखाडी रंगावर, तीन काळे ओरखडे होते. एक खाली, एक जरा वर, आणि एक वाडग्याएवढा गोल.

त्याने दुर्बीण त्या गोल ओरखड्याला टेकवून बघितली. मे महिन्यापासून तो दर वेळी दुर्बीण गुडघ्याने वाकवत होता. शिस्तीत. दरवेळी तेवढीच, त्याच बाजूला.

"काय झालं?" ओड्लाउगने विचारलं.

"काही नाही. पेटी बाहेर काढ."

"आणि ठेवू कुठे? चोर आला तर?"

"माझ्या उशीखाली ठेव."

बुधवारी मैदानाच्या पहारेकऱ्याच्या हातापाया पडून त्याने नेम पुन्हा बसवला. गुरुवारी दार एका बोटाने लागणाऱ्या कपाटातून रायफल काढली, मैदान गाठलं आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही छातीत. गुडब्रांडने कागदावर सही केली.

क्लबच्या खोलीत टोळी वॅफल खात बसली होती. केटिलचा चेहरा आंबला होता. "सांग तरी, शेवटी कुठली दुर्बीण भरवशाची निघाली?" त्याने विचारलं.

आर्नफिनने एकवार सगळ्यांकडे बघितलं. समोर पेर-एर्लिंग बसला होता. त्याने एकोणीसशे एक्याण्णवमध्ये चुकून शेजाऱ्याच्या ट्रॉलीला भोक पाडलं होतं. तेव्हापासून त्याला सख्खी नातवंडंही ट्रॉली म्हणत.

"तिसरी," आर्नफिन म्हणाला. "पैसे जातात, पण वस्तू आहे."

त्या दिवशी क्लबात वॅफल भाजायला आलेली ओड्लाउग स्वयंपाकघराच्या खिडकीतून थाळी पुढे करत म्हणाली, "तिसरी कसली? पहिलीही चांगलीच होती. गुडघ्याचं सांगितलं नाहीस वाटतं त्यांना?"

मग तिने सांगितलं. काही गाळलं नाही. केटिल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

सप्टेंबरच्या चोवीस तारखेला जागांची यादी फळ्यावर लागली. गुडब्रांडच्या ठसठशीत अक्षरात चौथ्या ओळीवर लिहिलं होतं: दलदलीची कड, बर्चशेजारी. त्यापुढे, नावाच्या जागी: गुडघा.