शंभरातल्या वीस

ऑस्ट्रेलियातला हिवाळा सरताना, सप्टेंबरातल्या एका पहाटे गव्हावर दव गोठलं, तेव्हा रेजला जाऊन अकरा आठवडे झाले होते. वर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पांढरंफटक पडलेलं खालचं वावर बघत चहा पीत होती. तिला काहीच वाटलं नाही. नवऱ्याला पुरून आल्या दिवसापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. कसली खंबीर, बधिर झाली होती.

रेजनं मे महिन्यात पेरलेला हा शेवटचा गहू. तो घरात आला तर पुढची पेरणी मी करीन, नाहीतर शेत विकून पर्थला येईन, असं तिनं मुलीला सांगून ठेवलं होतं.

फुलोऱ्यात गारठा पडला की दाणा धरत नाही. पण वरून पीक हिरवंगार दिसत राहतं, हा त्या गारठ्याचा खरा हरामीपणा. पाच-सहा दिवसांनी ओंब्या सोलून आत बघावं लागतं. आतले केसर पिवळसर असले तर जीव आहे, पांढरे पडून सुकले असले तर संपलं. शंभरात निम्म्याहून जास्त गेल्या असतील तर हिरवा गहूच कापायचा, म्हणजे निदान चारा तरी हाती लागतो. दोन आठवडे दवडले की नुसतं काड उरतं.

आणि त्या भागात आपल्या ओंब्या कोणी आपण सोलत नाही. आपल्या वावरात माणसाचा हात नेमका चांगल्या ओंबीवरच पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं मोजायचं. तीस वर्षं रेजनं शेजारच्या डेसचं मोजलं आणि डेसनं रेजचं. दोघांनी एकमेकांना खरं तेच सांगितलं आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

सहाव्या दिवशी डेस कुंपणापाशी येऊन घुटमळला.

"माझं कोण मोजणार आता?"

"मी. रेजला चष्म्याशिवाय काय दिसायचं? सोलून मीच तर द्यायचे."

"मग तुझं मी बघतो. जरा हळू चाल हं माझ्या वावरात. तुडवशील तेवढंच वाचलेलं असायचं."

वर्नानं शंभर ओंब्या खुडल्या, ब्लेडनं एकेक सोलली आणि मग पुन्हा शंभर खुडल्या.

"डेस, ऐंशी गेल्यात. काप."

"ऐंशी? नीट बघितलंस?"

"दोनदा."

"रेज निदान आधी बिअर पाजायचा, मग सांगायचा," डेस म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं कापणी लावली.

त्याआधी, मोजणीच्याच संध्याकाळी, तो तिच्या खालच्या वावरातून खिशात हात घालून वर आला.

"वीस."

"वीसच? एवढ्या खोलगटात? गारठा तर तिथेच साचतो."

"वीस म्हणतोय ना. राहू दे उभं."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. स्वतःचं पीक गेलंय, त्याचं मन कुठे थाऱ्यावर असणार, असं तिला वाटलं. तिनं गहू उभा ठेवला.

ऑक्टोबर सरता सरता ती तार ओढायला कुंपणाशी गेली. चढावरचा थोडासा गहू दाण्याच्या भारानं वाकला होता. खालचा ताठ उभा होता. चार आठवडे ती तो खिडकीतून बघत होती आणि छान उभा आहे म्हणत होती. तार तिथेच टाकून ती वावरात शिरली आणि मोडू नये ती रीत मोडून तिनं स्वतःची ओंबी सोलली. पोची. चाळीस सोलल्या. दोन-चार दाणे मिळाले तेही सुरकुतलेले, कापलेल्या नखाएवढे.

ती गाडीनं तडक डेसकडे गेली. तो चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर ताडपत्री ओढत होता.

"किती होत्या?" तिनं विचारलं.

कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. "नव्वदच्या वर. पुढे मोजलंच नाही मी."

"आणि मला वीस सांगितलंस."

"रेजच्या हातचा शेवटचा गहू होता, वर्ना. वर आलो तर तू दारात उभी. खरं सांगवलं नाही मला."

"रेजला सांगितलं असतंस नव्वद?"

तो दोरीशी चाळा करत राहिला. "रेजला सांगितलं असतं."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"मी तुला ऐंशी सांगितल्या, डेस. तुझ्या तोंडाकडे बघून सांगितल्या."

"अर्धे गठ्ठे घेऊन जा. आत्ता ट्रॅक्टर जोडतो."

"राहू देत."

अकरा आठवडे आणि वर पाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. राग आला, सणसणीत. पण गाडी घराशी पोचेपर्यंत तोही विरून गेला. तिनं मुलीला फोन लावला आणि शेत विकायला काढ म्हणून सांगितलं.

"गहू गेला म्हणून?" मुलीनं विचारलं. "आई, एका वर्षानं काय होतंय? बाबांचा कितीदा गेला."

"गव्हाचं काही नाही गं," वर्ना म्हणाली. "इथे आता माझं मोजणारं कोणी नाही."