आयुधपूजेचे तेल

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. इंजिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे धूर, शिट्टी आणि लांबलचक फलाट आला असेल, तर मला आताच शरमल्यासारखे होते. मी वीतभर लांबीचे, प्लास्टिकचे, स्वस्तातले इंजिन आहे. माझी चिमणी पोकळ आहे, माझा कोळसा रंगवलेला आहे. माझ्या सहा चाकांपैकी दोनच चाकांना मोटरीचे बळ मिळते. बाकीची चार नुसती सोबतीने फिरतात. स्वतःविषयी सांगावे असे माझ्यापाशी फारसे नाही, आणि जे आहे ते मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. तरी प्रयत्न करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. मला आठवते ते म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनातले एक दुकान. तिथे मी एका लाकडी फळीवर गोल गोल फिरत होतो. शरत नावाच्या तरुणाने मला उचलून उलटे केले, तेव्हा दुकानदार म्हणाला, “फर्स्ट क्लास, सार. आयुष्यभर चालेल.” ते खरे नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होते. पण कौतुक कोणाला नको असते? मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची माझी सवय अशी पहिल्या दिवसापासूनची.

शरतचे घर म्हैसूरच्याच अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत होते. त्याचे वडील दामोदरराव शिंपी. रस्त्यालगतच्या खोलीत त्यांची दोन शिवणयंत्रे आणि कापड बेतायचे मोठे टेबल होते. ते फार कमी बोलत. त्यांच्या वाटचे बोलणे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बोलत. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळलेली की कुठली कुठे संपते, ते मला कधी कळले नाही.

त्या घरी नवरात्रात गोंबे मांडत. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्यापायऱ्यांच्या उतरंडीवर सगळ्यांत वर लाकडी राजाराणी, त्यांच्या खाली देव, वाजंत्री, वाणी, कुंभार असा सगळा संसार. सर्वांत खाली, जमिनीवर, घरची नवी सून, शरतची बायको अदिती हिने एक बाग केली. आठ दिवस आधी तिने परातींत नाचणी पेरली, म्हणजे हिरवळ झाली. फुटका आरसा ठेवला, म्हणजे तळे झाले. त्या तळ्याभोवती माझे रूळ होते.

चार वर्षे मी त्या बागेत धावलो. संध्याकाळी कुंकवाला बायका येत, मुले येत, आणि वरच्या राजाराणीकडे कोणी पाहत नसे. समोरच्या घरातल्या शांताक्का म्हणत, “अदिती, तुझी गाडी बघायला माझे गुडघे दुखत असताना आले बघ.” गाडी अदितीची, असे सगळेच म्हणत. वेग कमीजास्त करायचे बटण तिच्या हाती असे. ती एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासण्याचे काम करीत होती. तिचा हात हलका होता.

आता जे सांगायचे आहे त्यापाशी आलो.

नवरात्राच्या नवव्या दिवशी आयुधपूजा असते. ज्या हत्यारांवर आपले पोट चालते, ती पुसून, तेल घालून, त्यांना कुंकू लावायचे. दामोदरराव त्या दिवशी सकाळपासून एकटेच काम करीत. कात्र्या पुसल्या. दोन्ही यंत्रांच्या प्रत्येक छिद्रात तेल सोडले. त्यांचा एक नियम होता: यंत्र अडले तर तेल घालावे, आणि अडले नाही तरी घालावे. चाळीस वर्षांत या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. घरात कोणी नव्हते. त्यांनी मला उचलले. त्यांच्या मनात काय आले असेल, ते मला त्यांच्या बोटांवरून कळले. हेही घरातलेच यंत्र, चार वर्षे राबते आहे, आणि याला कोणी कधी थेंबभर तेल दिले नाही. त्यांनी तेलाच्या डबीची चोच माझ्या पोटात घातली आणि हात आखडला नाही. मग माझ्या कपाळावर कुंकवाचे बोट टेकवले.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या मोटरीत कोळशाचे दोन इवलेसे तुकडे असतात. फिरणाऱ्या तांब्याला ते घासतात आणि त्यातून वीज पुढे जाते. तिथे तेल गेले की कोळशाची भुकटी आणि तेल यांचा चिखल होतो, वीज भलतीकडे वाहते आणि मोटर तापते. दामोदररावांना हे माहीत नव्हते. मला माहीत होते, पण तेल थंडगार होते आणि मला बरे वाटत होते.

संध्याकाळी खोली भरली. अदितीने बटण फिरवले. पहिल्या दोन फेऱ्या मी नेहमीपेक्षा जोरात मारल्या आणि मला वाटले, हे माझेच कर्तृत्व. तिसऱ्या फेरीत माझ्या पोटातून धूर निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, खरी वाफ. चौथी फेरी झाली नाही.

“चार वर्षं गाडी चालली,” सरस्वतीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आणि आज हिनं जाळली.”

“अत्ते, आत्ता तर सुरू केली,” अदिती सासूला म्हणाली.

“फॅक्टरीत हजार मशीनं तपासते म्हणे. घरचं एक जपता आलं नाही.”

“असू दे अम्मा,” शरत म्हणाला, “पोरं सांगतील तेवढं ही पळवते. मग जळणारच.”

ही बाजू घेणे नव्हते. अदितीने त्याच्याकडे पाहिले आणि बटण बंद केले.

दारात दामोदरराव उभे होते. त्यांच्या बोटांना अजून तेलाचा वास असणार. त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात कोणी तरी पाणी मागितले. पाणी आणायला ते मागे वळले, आणि पाणी दुसऱ्याच कोणी आणून दिले.

त्या क्षणी मला काय वाटले, ते सांगायला जीभ अडखळते. अदितीचे वाईट वाटायला हवे होते. पण मी एवढाच विचार करीत होतो की आता मला सगळ्यांपुढून उचलतील. तिच्यावर आळ आला आणि मी माझ्या टाळ्यांसाठी रडत होतो.

मला बिस्किटांच्या डब्यात ठेवले. पुढच्या नवरात्रात बाग झाली नाही. “नको यंदा बाग,” सरस्वतीबाई म्हणाल्या, “झाली तेवढी शोभा पुरे.” अदितीने ते नऊ दिवस कारखान्यातली दुपारची पाळी मागून घेतली, ती घरी यायची तेव्हा बायका निघून गेलेल्या असत. दामोदरराव कधी कधी माझ्या डब्याचे झाकण उघडत, पाहत आणि पुन्हा लावत. आम्ही दोघेही एकमेकांकडे फार वेळ पाहू शकत नव्हतो.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी शरत म्हणाला, “ते टाकून दे, नवीन आणू.” अदिती म्हणाली, “आधी मी उघडून बघते.” उजेड चांगला म्हणून तिने मला बेतायच्या टेबलावर आणले. समोर दामोदरराव गणवेशाची बाही जोडत होते. तिने माझे कवच काढले, आणि काढताच नाकाशी नेले.

“मावा, जरा बघा,” ती सासऱ्यांना म्हणाली.

शिवणयंत्र थांबले. “काय गं?”

“आतून वास कसला येतो?”

“जळल्याचा येणारच की, अल्वा? नाही का?”

“जळल्याचा तर येतोच.” तिने बोट आत फिरवले. बोटाला काळा, चिकट चिखल लागला. तिने तो उजेडात धरला. घर शिंप्याचे, शिवणयंत्राच्या तेलाचा वास त्या घरात कोणाला ओळखू येणार नाही? मग तिने एका चिंधीला बोट पुसले. “परवागिल्ल,” ती म्हणाली, म्हणजे असू दे. “धुतलं की जाईल.”

दामोदररावांनी मान खाली घालून पुन्हा शिवण घातली. ती वाकडी गेली. ती त्यांनी उसवली.

त्यानंतरचे तीन रविवार ते तिला मदत करीत होते. माझी जळालेली मोटर तिने काढून टाकली आणि बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरमधली छोटी मोटर आणली. तिचा दांडा माझ्या गिअरच्या दांड्याशी जुळेना, तेव्हा सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून दोन्ही जोडले. मोटर बसवायला प्लास्टिकची पट्टी दामोदररावांनी आपल्या जुन्या कात्रीने कापून दिली. माझी चाके घसरत होती. चाकांना दामोदररावांनी शिवणयंत्राच्या बॉबिन भरायच्या चाकाची जुनी रबरी कडी बसवली. वजन कमी पडले, तेव्हा माझ्या पोटात दोन लोखंडी बॉबिनी ठेवल्या. पहिल्या चाचणीत मी उलटा धावलो. दुसऱ्या चाचणीत इतका सुटलो की टेबलावरून थेट चिंध्यांच्या टोपलीत. दोघे हसले. मग दामोदरराव एकदम वाकून चिंध्या टोपलीत भरू लागले.

मदत केली की अपराध फिटतो, असे त्यांना वाटत असावे. मलाही तसेच वाटत होते.

शेवटी अदितीने त्यांच्या हाती सुई दिली. “सुईच्या टोकानं, एकच थेंब, फक्त गिअरला,” ती म्हणाली. “मोटरीला नाही.” थेंब दोनदा टेबलावर पडला. ती वाट पाहत राहिली.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी नाचणीच्या हिरवळीतून मी पुन्हा धावलो. पाच डबे आता ओढवत नाहीत, म्हणून मागे दोनच होते. शांताक्का आल्या. “अय्यो, गाडी परत आली? कोणी केली नीट?”

“जिनं जाळली तिनंच,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “स्वतःचं स्वतः निस्तरलं बाई एकदाचं.”

बायका हसल्या. अदितीही हसली, आणि बटणाकडे पाहू लागली.

तिचे ते हसणे दामोदररावांना सोसले नसावे. कुंकवाच्या बायका असताना जे कधी उंबरठा ओलांडत नसत, ते गळ्यात टेप तसाच लोंबकळत ठेवून आत आले. काही तरी म्हणाले. माझ्या चाकांच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेले नाही. अदितीने बटण फिरवून मला थांबवले. आता त्यांना पुन्हा बोलावे लागले.

“ती मी जाळली. आयुधपूजेला मी तेल घातलं. मोटरीत घालायचं नसतं, मला माहीत नव्हतं. जळल्यावर कळलं. तरी बोललो नाही.”

सरस्वतीबाईंच्या हातातले कुंकवाचे तबक तसेच राहिले. “दोन वर्षांनी सांगता? मी हिला काय काय बोलले.”

“ऐकत होतो,” ते म्हणाले.

मग ते अदितीकडे वळले. “तुला वासावरून कळलं होतं.”

“हो मावा.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर ते माझं म्हणणं झालं असतं,” अदिती म्हणाली. “अत्तेंना तुमचं ऐकायला हवं होतं. मलाही.”

सरस्वतीबाईंना क्षमा मागता येत नाही. मी त्या घरात इतकी वर्षे आहे, कधी ऐकली नाही. त्यांनी तबक अदितीच्या हातात दिले. “आलेल्यांना कुंकू तू लाव,” त्या म्हणाल्या. “शांताक्कापासून सुरुवात कर. हिच्यासमोरच तुला बोलले होते.” मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “आणि तुम्ही आता बसा कुठं तरी.”

मित्रांनो, अशी माझी हकीकत. मी आता हळू धावतो, वळणावर घसरतो, आणि कोणी टाळी वाजवली तर ती कोणासाठी, हे मला कळते. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी स्वस्तातली वस्तू असेल तर तिला जपा. पण माया करण्याआधी तिला काय सोसते, ते जाणकाराला विचारा. आणि तुमच्या हातून काही बिघडलेच, तर खोलीत धूर आहे तोवरच सांगून टाका. तेव्हा ते एवढेसे वाक्य असते. दामोदररावांना ते बोलायला दोन वर्षे लागली, आणि तेही दोनदा बोलावे लागले.