न मोडणारं पान

चंफेंगने पान तळहातावर ठेवून मूठ आवळली. गोडपाल्याचं पान असं दाबलं की करकर मोडतं, त्याचे तुकडे होतात. हे नुसतं दुमडलं आणि मूठ उघडताच सावकाश पुन्हा पसरलं. टोपलीतल्या वीस पानांत अशी चार निघाली.

म्हणजे नवऱ्याने, बुनथानने, यंदाही खोटा पाला खुडून आणला होता.

दोन्ही झुडपं डोंगरावर शेजारी शेजारी वाढतात. वणवा विझला की दोन्हींनाही एकदमच पालवी फुटते. एकाचा मुंग्यांच्या अंड्यांबरोबर रस्सा करून अख्खं गाव चाटूनपुसून खातं. दुसऱ्याने मागे पलीकडच्या गावात एका घरातली दोन माणसं नेली होती. रानडुकरालाही यातला फरक कळतो. बुनथानला पन्नाशी उलटली तरी कळत नव्हता, आणि गावात त्याला पाल्याचा जाणकार म्हणत. नऊ उन्हाळे ती मागच्या दारी बसून त्याची टोपली निवडत होती, तो पुढच्या दारी स्वतःची वाहवा ऐकत होता. दरवर्षी ती ठरवी, आता सांगायचंच. मग वाटे, जाऊ दे, फुगा आहे, फोडून तरी हाती काय लागणार?

"अहो, दुसरी टोपली कुठंय?"

"सकाळीच विहारात पोचवली, भिक्खूंच्या जेवणाला. तुझं चिवडणं संपेपर्यंत थांबलो असतो तर उपाशीच राहिले असते ते!"

चंफेंग उठली आणि तशीच धावत सुटली.

विहाराच्या चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. म्हातारी नोई मावशी डाव फिरवत होती. मागोमाग चपला फरपटत बुनथानही आला.

"या पंडितीणबाई! माझा पाला तपासायला आल्यात."

चुलीपाशी बसलेल्या बायका हसल्या. "अगं, यांनी खुडलेला पाला तो," मावशी म्हणाली, "त्यात काय बघायचं?"

चंफेंगने टोपलीतली उरलेली पानं चाचपली, एक उचलून मावशीच्या हातावर ठेवलं. "आवळा."

मावशीने मूठ आवळली, उघडली. पान पसरत गेलं. हसणं थांबलं.

"कोवळं आहे, म्हणून," बुनथान म्हणाला.

चंफेंगने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, पातेलं ओतून टाका. नऊ वर्षं याचा पाला मी निवडतेय. याला गोडपाला ओळखता येत नाही. कधीच येत नव्हता."