नावाड्याची बायको

कारकुनाने छापील कागद खिडकीतून पुढे सरकवला. "घ्या मॅडम, सापडली तुमची पणजी."

ती जुन्या खानेसुमारीची नक्कल होती. कुटुंबप्रमुखाचे नाव, आडनाव, धंदा नावाडी. त्याखालच्या ओळीत नाते बायको, नाव निरंक, धंदा निरंक.

"हे नाव नाही," ती म्हणाली.

"नाही कसं? नावाच्या रकान्यात आहे, म्हणजे नावच. जरा वेगळं आहे, पण छान आहे की."

"अहो, निरंक म्हणजे काही नाही."

"ते त्यांच्या आईवडिलांना विचारा!" कारकून आपल्याच विनोदावर खूश झाला. "कॉम्प्युटरात अशा शेकडो निरंकाबाई आहेत. तुमच्या एकटीचीच पणजी नाही."

शेकडो! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. तिथे निरंक लिहायचे तर आधी नमुना तपासावा लागे. न तपासता लिहिणाऱ्याला घरी बसवत. इथे कुणीतरी दारात उभ्या असलेल्या बाईला एक साधा प्रश्न विचारायचा कंटाळा केला होता, आणि ती बाई कायमची पुसली गेली होती.

नाव हवे होते ते आत्याला. रस्ता रुंद होणार म्हणून चर्चमागच्या जुन्या कबरी हलवत होते आणि घरच्यांना नवा दगड बसवायचा होता. दादाने मजकूरही ठरवून टाकला: नावाड्याचे पूर्ण नाव, खाली 'व पत्नी'. ते ऐकून आत्या अंथरुणात उठून बसली. "व पत्नी? माझी आजी काय कशावर फुकट मिळाली होती?" पण आजीचे नाव तिलाही ठाऊक नव्हते. "आजीला कोण नावानं हाक मारतं गं?"

चर्चच्या कचेरीत फादरांनी दफनाची वही काढून दिली. तिथेही तेच. 'नावाड्याची बायको. तापाने.'

"नवऱ्याच्या धंद्यात नाव, आणि हिला नाव नाही," ती म्हणाली.

फादर हसले. तिला हसू आले नाही. शेवटचा उपाय म्हणून तिने बाप्तिस्म्याच्या वह्या मागितल्या. कुणाच्या मुलाची धर्ममाता म्हणून तरी ती सापडेल, असे तिला वाटले.

ती सापडली, पण वेगळ्याच जागी. 'मूल जगेलसे वाटेना, फादर पैलतीरी, म्हणून नावाड्याच्या बायकोने घरीच बाप्तिस्मा दिला व नाव ठेवले.' पुढच्या पानावर पुन्हा. मग पुन्हा. कुठे 'तिनेच बाळंतपण केले' अशी पुस्ती. त्यातली कितीतरी मुले जगली, वाढली, याच वह्यांत त्यांची लग्ने लागली. साऱ्यांची नावे ठळक अक्षरांत होती. ती नावे जिने दिली, तिला वह्या लिहिणाऱ्यांपैकी एकानेही नाव विचारले नव्हते. आणि म्हणे धंदा निरंक!

घरी येऊन तिने सगळे वाचून दाखवले. दादा मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, "म्हणजे नाव मिळालं नाहीच ना? मग 'व पत्नी'च राहू दे. कोण वाचत बसणार आहे?"

"सुईण लिही," आत्या म्हणाली. "गावातल्या पोरांना नाव ठेवणारी सुईण."

"लोकांना नावं ठेवणारी म्हणून वाचतील, आत्या."

"वाचू देत. ठेवलीच पाहिजेत काही जणांना." आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिले. दादाने मोबाइल खिशात टाकला.

दगड कोरणाऱ्याला फोन तिनेच लावला. "वरची ओळ बदलायची आहे. लिहून घ्या. सुईण. हिने गावातल्या मुलांना नावे दिली."

"बरं. आणि बाईंचं नाव?"

"त्याची जागा कोरी सोडा. 'सुईण'च्या आधी, एक नाव मावेल एवढी."

"निरंक लिहू का? तशी पद्धत आहे."

"नाही!" ती इतक्या जोराने म्हणाली की दादा दचकला. "तिला नाव होतं. कुणी विचारलं नाही."

"बरं. आणि नावाडीबुवांचं?"

तिने आत्याकडे पाहिले. आत्याने उशी पाठीशी नीट लावून घेतली.

"खाली बारीक अक्षरात टाक म्हणावं," आत्या म्हणाली. "व पती."